तिच्यासाठी काय मागायचं?

परदेशात जाऊन आयव्हीएफ करून घेणाऱ्या जोडप्याची फाईल जाडजूड असते. एएमएच आणि थायरॉइडचे अहवाल, दोघांच्या एचआयव्ही आणि हिपॅटायटिसच्या तपासण्या, गर्भाशयाच्या अस्तराची मिलिमीटरमधली जाडी, इस्ट्रोजेनच्या गोळ्या कुठल्या तारखेपासून किती आणि प्रोजेस्टेरॉन केव्हा सुरू करायचं याचा तक्ता, लग्नाचा दाखला, पासपोर्टच्या प्रती. शिवाय विमानतळावर दाखवायला डॉक्टरांचं पत्र: सोबतच्या सुया आणि इंजेक्शनं वैद्यकीय कारणासाठी आहेत, औषध थंड राहणं आवश्यक आहे. दुसऱ्या बाईचं बीजांड घेतलं असेल तर आणखी एक कागद असतो. त्यावर तिचं वय, रक्तगट, उंची, वर्ण. नाव नसतं.

डॉक्टरला जे लागतं ते सगळं या फाईलमध्ये सापडतं. बाईचं काय झालं, ते मात्र त्यातून कळत नाही. मुलाखतीतही ते पुरतं येत नाही, कारण हा विषय निघाला की माणसं पाठ केल्यासारखं बोलतात: किती खर्च झाला, कुठलं हॉस्पिटल, किती टक्के यश. म्हणून गेल्या काही दशकांत संशोधक आणि समुपदेशक कवितेकडे वळले आहेत आणि काही बायका तर कुणी सांगायच्या आधीच वळल्या होत्या. कवितेनं मूल होत नाही आणि दुःखही बरं होत नाही. पण एका वाक्यात न मावणाऱ्या, एकमेकींना छेद देणाऱ्या दोन गोष्टी शेजारी ठेवायला कवितेत जागा असते. या प्रवासात तशा गोष्टी पावलोपावली भेटतात, म्हणून हा लेख.

आधी माणसं देश का ओलांडतात ते पाहू. पैसा हे एक कारण झालं. मोठं कारण कायद्यात आहे. जर्मनीत दुसऱ्या बाईचं बीजांड वापरायला 1991 पासून बंदी आहे, म्हणून जर्मन बायका झेक प्रजासत्ताकात आणि स्पेनमध्ये जातात. इटलीनं 2004 साली कायदा करून दात्याचं बीज आणि बीजांड दोन्ही बंद केलं. ती बंदी तिथल्या घटना न्यायालयानं 2014 मध्ये उठवली, तोवर दहा वर्षं इटालियन जोडप्यांनी शेजारच्या देशांच्या वाऱ्या केल्या. प्रजनन वैद्यकातल्या युरोपीय संघटनेनं सहा देशांतल्या 46 केंद्रांत केलेली पाहणी 2010 साली प्रसिद्ध झाली. एका महिन्यात बाहेरून आलेल्या 1,230 बायकांनी प्रश्नावली भरून दिली होती. त्या 49 देशांतून आल्या होत्या आणि त्यांतली जवळपास प्रत्येक तिसरी इटलीची होती. या सहाच देशांत वर्षाला 24 ते 30 हजार सायकली, म्हणजे उपचाराच्या फेऱ्या, परदेशी रुग्णांच्या होत असाव्यात, असा अंदाज त्यावरून बांधला गेला.

ब्रिटनची गोष्ट थोडी वेगळी. तिथे बंदी नाही, पण रांग आहे. 40 च्या आतल्या बाईला सरकारी खर्चानं तीन पूर्ण सायकली मिळाव्यात, ही शिफारस 2013 सालची. प्रत्यक्षात किती द्यायच्या ते त्या त्या भागातलं मंडळ ठरवतं, आणि बऱ्याच ठिकाणी एकच मिळते. शिवाय एप्रिल 2005 पासून तिथे निनावी दान बंद झालं. दात्याकडून जन्मलेलं मूल 18 वर्षांचं झालं की त्याला दात्याचं नाव मागता येतं. हा हक्क मला फार मोलाचा वाटतो, पण त्याआधीच अपुरे असलेले दाते त्यानं वाढले नाहीत, हेही खरं. लेस्टरच्या डी माँटफर्ट विद्यापीठातल्या लॉरेन कली, निकी हडसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी परदेशी उपचार घेणाऱ्या 51 ब्रिटिश रहिवाशांच्या मुलाखती घेतल्या होत्या. 2011 साली आलेल्या त्या अभ्यासात कारणं तीच दिसतात: दाते मिळत नाहीत, खर्च झेपत नाही, इथल्या दवाखान्यात नीट वागवलं गेलं नाही. सर्वांत जास्त जणी गेल्या होत्या त्या स्पेन आणि झेक प्रजासत्ताकाला.

पण स्पेनमध्ये तुम्हाला बीजांड मिळणार ते बहुधा स्पॅनिश किंवा पूर्व युरोपातल्या तरुणीचं. डोनर निवडतो डॉक्टर. रक्तगट आणि रंगरूप जुळवतो आणि कायद्यानं तिचं नाव गुप्त ठेवतो. मुलानं आपल्यासारखं दिसावं असं वाटणारी सावळी मराठी बाई तिथे काय करणार? ब्रिटनमध्ये दक्षिण आशियाई दात्यांची टंचाई जुनी आहे. दुबई-शारजात तर दुसऱ्याचं बीजांड कायद्यालाच मंजूर नाही. त्यामुळे लंडन, लेस्टर, दुबई, मस्कत इथल्या मराठी जोडप्यांचा रस्ता मुंबई-पुण्याकडे वळतो. सुटीवर आलो, लग्नाला आलो, गणपतीला आलो, असं सांगून ती येतात.

(मुलगाच हवा म्हणून बँकॉक गाठणाऱ्यांचा प्रवास मी या लेखात धरलेला नाही. लिंगनिवड आपल्याकडे 1994 च्या कायद्यानं आणि थायलंडमध्ये 2015 च्या कायद्यानं गुन्हा आहे. त्या प्रवासाला कवितेची नाही, पोलिसांची गरज आहे.)

माझी ज्यांच्याशी ओळख झाली त्या बाई लेस्टरला राहतात, मूळच्या कोल्हापूरकडच्या. चाळिशी ओलांडलेली. बोलायला तयार झाल्या त्या दोन अटींवर. पहिली अट नावाची, ती सगळेच घालतात. दुसरी अट वेगळी होती. "मूल झालं की नाही ते लिहू नका ताई. झालं लिहिलंत तर लोक म्हणतील, चला, गोड झालं. नाही लिहिलंत तर म्हणतील, बिचारी. मधलं कुणी वाचणारच नाही." ती अट मी पाळते आहे.

त्या तिकडे एका लेखनगटात जातात. वाचनालयातल्या एका खोलीत पाच-सहा बायका बसतात, इंग्रजीत लिहितात, एकमेकींना वाचून दाखवतात. एकीला स्पेनमधल्या दवाखान्यातून फोन येतो तेव्हा तिकडे मागे दुभाष्या बाईचा आवाज येतो. ती फक्त त्या आवाजाबद्दल लिहीत राहते. दुसरी प्रागच्या हॉटेलातल्या नाश्त्याबद्दल लिहिते, कारण त्या हॉटेलात सगळी जोडपी त्याच कामासाठी आलेली असतात आणि कुणी कुणाकडे बघत नाही. आमच्या बाईंनी तिथे इंग्रजीत काही पानं लिहिली, मग थांबल्या. "इंग्रजीत मी फार समजूतदार होते," एवढंच त्या म्हणाल्या.

मग आम्ही एक प्रयोग केला. माझा नव्हे, जुना आहे. लॉरेल रिचर्डसन या अमेरिकी समाजशास्त्रज्ञ बाईंनी एका अविवाहित आईची मुलाखत घेतली होती. टंकलिखित प्रत झाली 36 पानांची. त्यांनी त्या बाईच्याच शब्दांतून, तिच्याच बोलण्याच्या लयीत, तीन पानांची कविता केली आणि समाजशास्त्रज्ञांच्या परिषदेत वाचली. 1992 सालच्या त्यांच्या लेखात त्या सांगतात, की त्यावर खळबळ उडाली: हे संशोधन की साहित्य, कविता कुणाची, तुम्ही काय गाळलं? त्यानंतर ही पद्धत आरोग्यविषयक संशोधनात रुळली. नियम साधा आहे. शब्द बोलणाऱ्याचे, निवड आणि ओळी पाडणं लिहिणाऱ्याचं, आणि शेवटचा होकार पुन्हा बोलणाऱ्याचा.

बाईंचं बोलणं मी ध्वनिमुद्रित केलं, उतरवून काढलं. त्यातला एक भाग असा होता: गणपतीत पुण्याला काकूंकडे उतरल्या होत्या. आदल्या दिवशी दवाखान्यात ट्रान्सफर झाली होती, म्हणजे पाच दिवसांचा गर्भ गर्भाशयात सोडला होता. घरात नवऱ्याशिवाय कुणाला माहीत नाही. प्रोजेस्टेरॉनचं इंजेक्शन नवरा बाथरूममध्ये नळ सोडून देत असे, कारण तेलातलं इंजेक्शन दुखतं आणि तोंडातून आवाज निघतो. संध्याकाळी आरतीला शेजारपाजार जमला होता. काकूंनी ओटी भरायला पाटावर बसवलं. या सगळ्यातून ही कविता निघाली. शब्द त्यांचे आहेत. एक ओळ मी गाळली होती, ती त्यांनी परत घालायला लावली.

काकू म्हणाल्या, किती वर्षांनी आलीस गं.
म्हटलं, गणपतीला आले.
गणपतीलाच आले होते.
तेही खोटं नव्हतं.

ओटीत तांदूळ, खण, नारळ.
पुढच्या वर्षी तिघं या, म्हणाल्या.
वाकू नका असं कुणी सांगितलं नव्हतं.
तरी मी उभ्यानंच नमस्कार केला.
काकूंना राग आला असेल.

तिचं वय अठ्ठावीस. रक्तगट बी पॉझिटिव्ह.
एवढंच माझ्याकडे आहे.
आरतीला सगळे मागत होते.
तिच्यासाठी काय मागायचं, ते सुचेना.

मी गाळलेली ओळ होती "काकूंना राग आला असेल." मला ती किरकोळ वाटली. बाई म्हणाल्या, रात्रभर झोप लागली नाही ती याच गोष्टीनं. गर्भ राहील की नाही याची काळजी होतीच, पण काकूंच्या पाया पडले नाही हे टोचत होतं. ती ओळ परत आल्यावर मला त्या घरातली हवा कळली. मुलाखतीच्या प्रतीत हे वाक्य माझ्यासमोर होतं आणि माझी नजर त्यावरून घसरली होती.

अशा कवितांचा मोठा धोका मला दिसतो तो सजवण्याचा. मराठीत तर हा मोह फार. शेत, पेरणी, बीज, ओल, कोंब: सगळं तयार आहे, उचलायचं आणि ठेवायचं. पण या प्रतिमा निरुपद्रवी नाहीत. समाजशास्त्रज्ञ लीला दुबे यांनी 1986 साली दाखवून दिलं, की बीज पुरुषाचं आणि शेत बाईचं असं म्हटलं, की पिकाची मालकी आपोआप बीजवाल्याकडे जाते आणि न पिकलेल्या शेताचा दोष शेताला लागतो. मूल होत नाही म्हटल्यावर आधी बाईचीच तपासणी होते, त्यामागे हीच समजूत उभी आहे. बीजांडदानात ती समजूत मुळापासून हलते. बीज एका बाईचं, शेत दुसरीचं. मग आई कोण, हा प्रश्न जुन्या प्रतिमेला सोडवताच येत नाही. म्हणून पेरणीच्या कविता माझ्या लेखी बाद आहेत. अस्तराची जाडी किती मिलिमीटर झाली हे लिहिणारी कविता मला जास्त खरी वाटते.

इंग्रजीत हे काम चांगलं झालं आहे. ज्युलिया कोपस या ब्रिटिश कवयित्रीनं आपल्या आयव्हीएफवर केलेली काव्यमालिका 2011 साली बीबीसीच्या रेडिओ 3 वर प्रसारित झाली, टेड ह्यूज पुरस्काराच्या अंतिम यादीत गेली, आणि पुढच्या वर्षी 'द वर्ल्ड्‌स टू स्मॉलेस्ट ह्यूमन्स' या तिच्या संग्रहात आली. शीर्षकातली दोन सर्वांत लहान माणसं म्हणजे गर्भाशयात सोडलेले दोन गर्भ. 2016 पासून ब्रिटनमध्ये वंध्यत्व आणि कला या विषयावर 'फर्टिलिटी फेस्ट' नावाचा महोत्सव भरू लागला. एकाच मंचावर डॉक्टर, नाटककार, चित्रकार आणि कवी. आपल्याकडे असा मंच नाही.

पण आपल्याकडे त्याहून जुनं काहीतरी आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी सहकाऱ्यांबरोबर महाराष्ट्रातल्या गावोगाव हिंडून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. 2017 पासून त्या 'पारी' या ग्रामीण भारताच्या ऑनलाइन संग्रहाच्या माध्यमातून सर्वांना ऐकायला मिळतात. त्यांत डोहाळे आहेत, बाळंतपण आहे, लेकाचं कौतुक आहे, आणि मूल नसलेल्या बाईचं बोलणंही आहे. लग्न-बारशात पुढे होऊ न देणं, सवतीची धास्ती, सासूचा शब्द. दिवसा जे बोलायची चोरी, ते पहाटे जात्यावर बसून म्हणता येत असे. ओवीला नाव द्यावं लागत नाही. माझं दुःख की शेजारणीचं, ते ऐकणाऱ्यानं ठरवावं. आणि जात्याला बहुधा दोघी लागतात. समोर बसलेली खुंटा धरते, पुढची ओवी घालते. लेस्टरच्या वाचनालयातल्या त्या पाच-सहा जणींची रचना हीच तर आहे. आज पिठाची गिरणी आली, जातं गेलं, ही तक्रार मी करत नाही. दळणाचे कष्ट गेले ते बरंच झालं. पण दोघींनी समोरासमोर बसून बोलायची ती जागा नव्या दवाखान्यांत कुठेच उभी राहिलेली नाही, याचं मला वाईट वाटतं. समुपदेशन कायद्यानं सक्तीचं झालं आहे, आणि माझ्या ओळखीतल्या जोडप्यांच्या वाट्याला ते आलं ते सह्या घेण्याइतकंच.

आता ती दुसरी बाई. वय अठ्ठावीस, रक्तगट बी पॉझिटिव्ह.

या विषयावरच्या जेवढ्या कविता मी वाचल्या त्या जवळपास सगळ्या प्रवास करणारीच्या आहेत. बीजांड देणारी प्रवास करत नाही, किंवा केलाच तर लोकलनं करते. दहा-बारा दिवस रोज इंजेक्शन घ्यायचं, सोनोग्राफी करायची, मग भूल देऊन सुईनं बीजांडं काढतात. बीजकोश फार सुजले तर पोटात पाणी होतं, श्वास लागतो. क्वचित जिवावर बेततं. 2010 साली मुंबईत बीजांडं दिल्यानंतर एका 17 वर्षांच्या मुलीचा मृत्यू झाला आणि प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं. तिनं ती पहिल्यांदा दिली नव्हती. त्या मुलीला मतदानाचा हक्कही मिळाला नव्हता.

2021 चा सहाय्यक जननतंत्रज्ञान कायदा जानेवारी 2022 पासून लागू झाला. डोनरचं वय 23 ते 35 हवं, आयुष्यात एकदाच देता येईल, सातपेक्षा जास्त बीजांडं काढायची नाहीत, तिचा 12 महिन्यांचा विमा काढायचा, बीजांडाची विक्री हा गुन्हा. यातली प्रत्येक अट हवीच होती असं माझं मत आहे. डॉक्टर मंडळींची सात या आकड्याबद्दल तक्रार आहे. बीजकोश किती बीजांडं तयार करतील ते सुईच्या हातात नसतं, हे त्यांचं म्हणणं वैद्यकीयदृष्ट्या बरोबर आहे. पण कायदा डोनरला संरक्षण देताना तिला बोलायला जागा देत नाही. परदेशी जोडप्यांसाठी मूल वाढवणाऱ्या सरोगेट आईची बाजू निदान मराठी सिनेमानं मांडली: 'मला आई व्हायचंय' 2011 साली आला, त्याला मराठीतल्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. परदेशी जोडप्यांसाठीची सरोगसी सरकारनं 2015 मध्ये बंदही केली. बीजांड देणारीवर मात्र ना सिनेमा निघाला, ना तिची कविता आली.

मी बाईंना विचारलं, तुमच्या डोनरशी बोलायला मिळालं तर काय बोलाल? त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "इंजेक्शन दुखलं का, ते विचारीन. मला दुखलं होतं."

संशोधकांना माझं सांगणं आहे, की ही पद्धत मराठीत आणायची तर दोन्ही बाजूंच्या बायकांकडे जायला हवं. डोनर भेटणं अवघड आहे, तिचं नाव जपणं त्याहून अवघड. पण ओवीनं निनावी बोलण्याची रीत शेकडो वर्षं सांभाळली आहे, ती इथे कामाला येईल. तिच्या शब्दांतून केलेली कविता तिला वाचून दाखवायची, तिनं नको म्हटलं तर फाडून टाकायची, आणि तिच्या वेळेचे पैसे द्यायचे, एवढं पथ्य पाळलं की पुरे.

आयव्हीएफ केंद्रांतल्या समुपदेशकांसाठी तर काम सोपं आहे. जेम्स पेनेबेकर या मानसशास्त्रज्ञानं सँड्रा बील यांच्याबरोबर 1986 साली विद्यार्थ्यांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे: सलग चार दिवस, रोज 15 मिनिटं, मनात दडवलेल्या सर्वांत जड गोष्टीवर लिहायचं. शुद्धलेखन, व्याकरण काही पाहायचं नाही. त्या मुलांच्या पुढच्या काही महिन्यांतल्या दवाखान्याच्या फेऱ्या इतरांपेक्षा कमी झाल्या. पुढच्या अभ्यासांत हा परिणाम लहानच दिसला आहे, त्यामुळे औषध म्हणून त्याची जाहिरात कुणी करू नये. पण ट्रान्सफरनंतरच्या पंधरा दिवसांत बाईला करण्यासारखं दुसरं काहीच नसतं. जड उचलायचं नाही, घरच्या घरी प्रेग्नन्सी टेस्ट लवकर करायची नाही, कुणाला सांगायचं नाही. त्या दिवसांत वही द्यायला खर्च किती येतो?

शेवटी, हा प्रवास करून आलेल्या किंवा करायला निघालेल्या मराठी जोडप्यांना एक विनंती. ब्रिटनमध्ये 2005 नंतर नोंदलेल्या दात्याकडून जन्मलेली पहिली मुलं 2023 मध्ये 18 वर्षांची झाली आणि त्यांना दात्याचं नाव मागता येऊ लागलं. स्पेनमध्ये किंवा पुण्यात झालेल्या निनावी दानातून जन्मलेल्या, पण त्याच लेस्टरच्या शाळेत त्यांच्या शेजारी बसलेल्या मुलाला तो हक्क नाही. तेव्हा डोनरविषयी जे काही कळलं असेल, तिचं वय, तिचा रक्तगट, दवाखान्याचं गाव, तारीख, त्या दिवशी तुमच्या मनात तिच्याबद्दल काय आलं, ते आजच मराठीत लिहून ठेवा आणि मूल विचारण्याजोगं झालं की त्याच्या हातात द्या.